आधी नाव लागू द्या, मग सोडायचं ते सोडा

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील गाळून:

वय ४४, पुण्यात शिक्षिका, कॉलेजपासून डाव्या चळवळीत. माहेरी सहा एकर वडिलोपार्जित जिरायत जमीन. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, सातबारावर अजून त्यांचंच नाव. गावी आई, भाऊ आणि भावजय. वडिलांचं आजारपण त्या दोघांनीच काढलं. थोरल्या बहिणीचं लग्न १९८९ मध्ये झालं. आता गावात एमआयडीसी येतेय, नोटिसा निघाल्यात आणि भावाने दोघी बहिणींकडे हक्कसोड पत्र मागितलंय. थोरली लगेच तयार झाली. पत्रलेखिका लिहितात: "मी जन्मभर खासगी मालमत्तेविरुद्ध बोलत आले. गावच्या भूसंपादनविरोधी निवेदनावर माझी सही आहे. आता त्याच पैशात वाटा मागू? भाऊ म्हणतो, ज्याला गरज त्याला मिळावं, हेच ना तुमचं तत्त्वज्ञान? मग सांग, गरज तुला की मला? मला उत्तर सुचलं नाही. सही केली तर हरल्यासारखं वाटेल, नाही केली तर ढोंगी ठरेन. खरं तर माझ्या नणंदेने सासरच्या घरावरचा हक्क हसत सोडला होता, तेव्हा कुणालाच काही प्रश्न पडला नव्हता. मग मलाच का पडावा?"

ताई,

तुमच्या भावाचा प्रश्न चांगला आहे. तो टोमणा म्हणून विचारला असेल, पण तुम्ही तो प्रश्न म्हणूनच घ्या. ज्याला गरज त्याला मिळावं, हे तत्त्व मलाही मान्य आहे, मीही तुमच्याच बाजूची. फक्त ते लावायचं तर घरातल्या सगळ्यांना लावायला हवं. तुमच्या आईला किती गरज आहे? वीस वर्षं त्या रानात खुरपणी करणाऱ्या भावजयीला? ज्वारी काढायला दर वर्षी येणाऱ्या, स्वतःचा एक गुंठाही नसलेल्या बायकांना? तुमच्या भावाचं गरजेचं तत्त्व तुम्हा दोघी बहिणींपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. तुमच्याकडून सुटलेलं सगळं जातं ते एकाच नावावर.

खासगी मालमत्तेबद्दलही तसंच. तुम्ही सही केली म्हणून ती जमीन समाजाची होणार नाही. चौघांत असलेली खासगी मालमत्ता एका पुरुषाची होईल, इतकंच. याला डावा विचार म्हणायचं असेल तर आपल्या आज्या-पणज्या सगळ्या कट्टर डाव्या होत्या म्हणायच्या! त्यांनीही भाऊबीजेच्या ओवाळणीवर सगळं सोडलं होतं. चळवळीतल्या बायकांची ही जुनी खोड आहे. त्यागाची वेळ आली की आपण तत्त्वाचं नाव पुढे करतो आणि प्रत्यक्षात चालीरीतीनेच वागतो. तुम्हाला सुटत नाहीये ते हेच, असं मला पत्र वाचून वाटलं.

तुम्ही "वाटा मागू का" असं लिहिलंय, म्हणजे तो भावाकडून मिळायचा आहे असं गृहीत धरलंय. तसं नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे आणि तेव्हापासून मुलगीही मुलासारखीच जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची जन्मापासूनची हिस्सेदार, आहे. त्या तारखेला वडील हयात असायला हवे होते का, यावर बरीच वर्षं वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला: तशी गरज नाही. तुमचे वडील तर आत्ताच गेलेत, म्हणजे तुमच्याबाबतीत शंकाच नाही.

तुमच्या घरचं गणितही सोपं आहे. वडिलोपार्जित जमिनीत वडील, आई आणि तीन भावंडं असे पाच हिस्से धरायचे आणि वडिलांचा पाचवा हिस्सा पुन्हा उरलेल्या चौघांत वाटायचा. उत्तर येतं प्रत्येकी चार आणे. यातली काही जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली निघाली आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तरी तिचे चार सारखेच वाटे होतात. सहा एकरांतले साठ गुंठे तुमचे आहेत. आणि साठ गुंठे आईचेही आहेत. तुमच्या एवढ्या लांब पत्रात आईच्या हिश्श्याचा उल्लेखही नाही. भावाने केला नसेल हे समजू शकते, पण तुम्हीही केला नाही.

थोरल्या बहिणीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण अशा थोरल्या बहिणी घरोघरी आहेत. त्या तयार झाल्या ते माहेर तुटेल म्हणून, हे खरं असेलच. पण "आमचं लग्न आधीच झालंय, आम्हाला कसला हक्क" असंही बहुतेक जणी धरून चालतात आणि त्यामागे कारण आहे. महाराष्ट्राने केंद्राच्या अकरा वर्षं आधी, २२ जून १९९४ पासून, मुलींना सहदायाद केलं. देशात मोजक्याच राज्यांनी तेव्हा हे धाडस केलं होतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्या कायद्याने एक भिंतही घातली. त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. १९८९ साली लग्न झालेली तुमची बहीण त्या भिंतीपलीकडे राहिली. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत लग्न झालेली आणि न झालेली असा फरक नाही, त्यामुळे आज त्यांचा हक्क तुमच्याइतकाच आहे. हे त्यांना कुणी सांगितलंय का? माहीत असून सोडणं आणि माहीत नसताना सोडणं, यांत फरक आहे. त्यांचा निर्णय त्यांचाच, पण एवढी माहिती त्यांच्यापर्यंत पोचवणं तुमचं काम आहे.

आता भावाची बाजू. ती लंगडी नाही. वडिलांचं दवाखान्याचं येणं-जाणं, सोसायटीचं कर्ज, पाऊस दडी मारतो त्या वर्षांची काळजी, हे सगळं त्या दोघांनी निभावलं. तुम्ही शहरात पगारावर होतात. शिवाय जमीन गेल्यावर तुमची नोकरी राहणार आहे, त्याचा धंदाच जाणार आहे. कारखान्यात भूमिपुत्रांना प्राधान्य म्हणतात, पण पन्नाशीकडे झुकलेल्या शेतकऱ्याला तिथे काय मिळतं हे कुठल्याही औद्योगिक वसाहतीच्या गेटवर उभं राहिलं की दिसतं. ठेकेदाराकडे बारा तासांची वॉचमनकी. पोराला मिळालीच नोकरी तर कंत्राटी. म्हणून त्याला तुमच्यापेक्षा जास्त मिळावं असं तुम्हाला वाटत असेल तर ते मला न्याय्य वाटतं. पण ते जास्त त्याला श्रमाचं आणि नुकसानीचं म्हणून मिळावं, मुलगा म्हणून नव्हे. आणि श्रमाचं मोजायला लागलात की भावजयीचं नाव आपोआप यादीत येतं.

निवेदनावरच्या सहीमुळे तुम्ही अवघडला आहात, पण मला तर ती सहीच नाव लावून घेण्याचं सगळ्यात मोठं कारण वाटते. एमआयडीसीचं संपादन १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्याने होतं. त्यात कलम ३२(२) ची नोटीस निघते ती "जमीन का घेऊ नये ते सांगा" असं विचारायला. ती मालकाला, कब्जेदाराला आणि जमिनीत हितसंबंध असलेल्यांना द्यायची असते. त्यावर सुनावणी होते आणि त्यानंतर ३२(१) ची, म्हणजे जमीन घेतल्याची, अधिसूचना. म्हणजे विरोध करायचा असेल तरी आधी नाव लागतं! नुसत्या निवेदनावरची सही फायलीत राहते, खातेदाराच्या लेखी हरकतीवर मात्र सुनावणी घ्यावी लागते. वारस म्हणून तुमची हरकत मुदतीत, स्वतःच्या नावाने, पोच घेऊन दाखल करा. पुण्याहून गावाच्या लढ्याला तुम्ही याहून मोठी मदत करू शकणार नाही.

उद्योगच नको, असं माझं मत नाही, हे इथे सांगून टाकते. कामगार चळवळ गिरणीतच जन्मली. माझं भांडण एवढंच आहे की जमिनीचा मोबदला सातबारा पाहून ठरतो आणि त्या जमिनीवर पोट असलेल्या शेतमजुराचं नाव सातबारावर कधीच नसतं. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने निदान व्याख्येत तरी अशा भूमिहीन कुटुंबांना "बाधित" म्हटलं होतं. १९६१ च्या कायद्याच्या मनात जमीनधारकच आहे. तुमच्या हरकतीत मजुरांचाही एक परिच्छेद घाला. गावात तो दुसरं कुणी घालणार नाही.

विरोध करूनही जमीन गेलीच, तर मोबदला घेण्यात ढोंग नाही. सक्तीने गेलेल्या वस्तूची भरपाई घेतली म्हणजे सक्ती मान्य केली असं होत नसतं.

आता कागदांचं. आधी वारस नोंद करून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा, ऑनलाइन ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. कायद्याने ही वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते, तुमच्याकडे दोन वर्षं झाली, तरी उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. मग नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. नाव कोणत्या रकान्यात चढलं ते डोळ्यांनी पाहा. वर्षानुवर्षं भावाचं नाव कब्जेदार म्हणून, किंवा एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून "ए.कु.मॅ." असा शेरा मारून चढायचं आणि बहिणींची नावं "इतर हक्क" या रकान्यात पडायची, विहिरीच्या आणि बँकेच्या बोज्याच्या शेजारी. चौघांचीही नावं कब्जेदार सदरातच लागली पाहिजेत. संयुक्त मोजणी आणि मोबदल्याची यादी त्यावरूनच बनते.

हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच असावं लागतं. तलाठ्यापुढे "आमची हरकत नाही" असा जबाब दिला, कोऱ्या कागदावर सही केली, याने हक्क सुटत नाही. पण पुढे दहा वर्षं भांडण मात्र लागतं, म्हणून असल्या कशावरही सही करू नका. नोंदवलेलं पत्र मात्र पक्कं. फसवणूक किंवा दडपण सिद्ध केल्याशिवाय ते फिरत नाही, आणि तसा दावाही कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. "आत्ता सही कर, मग बघू" यातलं "मग" येत नाही. मोबदला किती, कुणाला, कधी हे ठरण्याआधी तर सही मुळीच नको. किती सोडतोय हेच माहीत नसताना सोडायचं कसं?

हे सगळं भावाला कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण अडचण खरी तिथेच आहे. त्याची भीती पैसे अडकण्याची आहे आणि ती खोटी नाही: वारसांत वाद लागला तर मोबदला कोर्टात जमा होतो आणि वर्षानुवर्षं पडून राहतो. म्हणून "सही करणार नाही" एवढंच फोनवर सांगून मोकळ्या होऊ नका. गावी जा, आई आणि भावजय दोघी समोर असताना बसा आणि प्रस्ताव ठेवा: चौघांची नावं लागू देत, मोबदला ज्याच्या त्याच्या खात्यात येऊ दे, मोबदल्याच्या वाटपात आम्ही कुठेही अडवणूक करणार नाही, आणि माझ्या रकमेतलं अमुक मी तुम्हा दोघांना देईन. हा आकडा तुम्ही आधी ठरवून जा आणि तिथेच लिहून द्या.

सगळी रक्कम द्यावीशी वाटली तर सगळी द्या. मी अडवणार नाही. फक्त ती तुमच्या खात्यात येऊन, तुमच्या हाताने जाऊ दे. भावजयीला द्यायचं असेल तर तोच मार्ग आहे, कारण ती सहहिस्सेदार नसल्याने हक्कसोड पत्र तिच्या नावे होऊच शकत नाही. त्या पैशातून दुसरीकडे जमीन घेतली तर ती दोघांच्या नावावर असावी, अशी अट घालायला संकोच करू नका. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचा प्रचंड मेळावा झाला आणि त्यानंतर शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा म्हणून. जोशींचं अर्थकारण मला कधीच पटलं नाही. पण नवऱ्यांना सातबारावर बायकोचं नाव लावायला त्यांनी लावलं, आम्ही डावे त्या वेळी बहुतेक परिसंवादात होतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. रानात राबणाऱ्यांत त्या किती असतात ते तुम्हाला माहीत आहे. सरकार लाडक्या बहिणीला महिन्याला दीड हजार देतं, ते तिने जरूर घ्यावेत, पण सख्ख्या भावाच्या सातबारावर तिचं नाव चढवायची मोहीम कुणी काढत नाही.

आईचा हिस्सा आईच्याच खात्यात, तिच्या एकटीच्या नावाने राहू दे. तो "तसाही आपलाच आहे" असं म्हणत सगळ्यात आधी गायब होतो. पासबुक तिच्या पेटीत असलं की म्हातारपणी तिचा चहा कसा वेळेवर येतो, हे गावाकडच्या बायका तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

माहेर तुटेल का? तुटूही शकतं, खोटा दिलासा देत नाही. काही घरांत दोन-तीन दिवाळ्या अबोल्यात जातात, मग भाचीच्या लग्नात बोलणं सुरू होतं. काही घरांत होतच नाही. पण सही केल्याने माहेर टिकतं, याची तरी कुठे खात्री आहे? सही करूनही आई गेल्यानंतर दार बंद झालेल्या बायकांची पत्रं या सदराकडे येतात.

आणि नणंदबाई. त्यांनी "हसत सोडलं" असं तुम्ही लिहिलंय. भावालाही तुमच्याबद्दल असंच सांगता यावं अशी इच्छा आहे. त्या हसण्यात किती हौस होती आणि किती नाइलाज, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंय का? त्या घरात आज तुम्ही राहता. त्यांचं हक्कसोड पत्र आता कायद्याने फिरणार नाही, पण तुम्हा नवरा-बायकोला स्वखुशीने काही देण्यापासून कायदा अडवत नाही. ढोंगी ठरण्याची भीती असेल तर ती माहेरच्या साठ गुंठ्यांत नाही, या घरात आहे. नवऱ्याशी आधी हे बोला. मग माहेरी जाल तेव्हा तुमचा आवाज चढणारही नाही आणि अडखळणारही नाही.

"कायदा तरी आता आपल्या बाजूने आहे" असंही तुम्ही लिहिलंय. पूर्ण नाही. हिंदू कोड बिलाचा मसुदा करणाऱ्या राव समितीने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा ठेवला होता, बाबासाहेबांनी तो बरोबरीचा केला. बिल रखडलं आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६ च्या कायद्यात जे आलं त्यातलं कलम १५ अजून तसंच आहे. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाच्या वारसांत त्याची आई असते. बाई तशी गेली, तर आधी तिची मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस आणि त्यांच्यानंतर तिचे स्वतःचे आई-वडील! माहेरून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. स्वकष्टाच्या कमाईला ती सूट नाही. नारायणीदेवी लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाल्या, सासरने बाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, त्यांनी नोकरी केली. त्या मृत्युपत्र न करता गेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्यांची कमाई नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिली. कायद्यात दुसरी सोय नव्हती. हे कलम बदलायला हवं. तोवर प्रत्येक कमावत्या बाईने, विशेषतः मूल नसलेल्या किंवा एकट्या बाईने, मृत्युपत्र करावं. साधा कागद, दोन साक्षीदार, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. तुम्हीही करा. त्यात शेतमजूर बायकांच्या संघटनेचं नाव घालायचं असेल तर तेही घालता येतं, खासगी मालमत्तेला खराखुरा विरोध तिथे नोंदवा.

बाकी वाचकांसाठी: वर सांगितलेला वारसा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. अनुसूचित जमातींना तो कलम २ मुळे आपोआप लागू होत नाही, त्यामुळे आदिवासी बहिणींनी स्थानिक वकिलाला जरूर विचारावं. मुस्लिम कायद्यात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, पण तोही अनेक घरांत दिला जात नाही, तेव्हा निदान तेवढा तरी मागा. गोव्यात आई-वडिलांना आपल्या मालमत्तेतला निम्मा भाग मुलांसाठी राखावाच लागतो, मुलगा-मुलगी सारखेच. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. कार्यालय बहुतेक न्यायालयाच्या आवारातच असतं. जाताना सातबारा, जुने फेरफार, मृत्यूचा दाखला आणि आलेली नोटीस, सगळ्याच्या दोन-दोन प्रती न्या.